बिबट्याच्या नाकाने लिहिताना: वन्यप्राण्याच्या दृष्टिकोनातून कादंबरी कशी लिहावी

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी आत्मवृत्त लिहिलेले असते. पडका किल्ला बोलतो, म्हातारा बैल बोलतो, तोडायला काढलेला वड बोलतो आणि शेवटी प्रत्येक जण माणसाच्या कृतघ्नतेची तक्रार करून गप्प होतो. वन्यप्राण्याच्या दृष्टिकोनातून कादंबरी लिहायला बसलेल्या लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात हाच निबंध नकळत उतरतो. माझ्याही पहिल्या खर्ड्यात तो उतरला होता: माझा बिबट्या पानोपानी माणसांना उद्देशून बोलत होता आणि ‘तुम्ही माझे जंगल हिरावून घेतले’ असे सांगत होता. तो खर्डा बाजूला ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली, आणि पुढचा सारा लेख तिच्यावरच उभा आहे. अशा कादंबरीचे बळ प्राण्याला काय कळते यात जितके असते, त्याहून अधिक ते त्याला काय कळत नाही यात असते. वाचकाला जे ठाऊक आहे आणि प्राण्याला जे कधीच ठाऊक होणार नाही, त्या दोहोंमधल्या अंतरात कथा घडते. हे अंतर बुजवण्याचा मोह टाळणे हेच या लेखनातले मुख्य काम आहे.

सोयीसाठी मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो: पुणे जिल्ह्याच्या जुन्नर भागात उसात राहणारी बिबट्याची मादी. लांडगा, रानकुत्रा, गवा किंवा माळढोक यांवर लिहायचे असले, तरी पायऱ्या याच राहतील. तपशील मात्र मुळापासून बदलावे लागतील.

पहिली पायरी: जात नव्हे, एक जीव आणि एक मुलूख

‘बिबट्या’ या जातीवर माहितीपुस्तक लिहिता येते, कादंबरी लिहिता येत नाही. कादंबरीला हा बिबट्या, हे वय, हा ओढा आणि ही वस्ती लागते. म्हणून लेखनाआधी प्राण्याचा मुलूख कागदावर काढावा आणि तो कसा घडला हे समजून घ्यावे. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. माणसाच्या डोक्यावर जाणारे आणि वर्ष-दीड वर्ष न हलणारे हे पीक बिबट्याला आडोसा देते. सरीत पाणी मिळते, बांधापलीकडच्या वस्तीवर कुत्री आणि शेळ्या मिळतात. तिथे माद्या व्याल्या, पिल्ले वाढली आणि त्या पिल्लांनाही उसातच पिल्ले झाली.

या एका वस्तुस्थितीने कादंबरीचा सूर बदलतो. ‘जंगलातून गावात शिरलेला बिबट्या’ ही बातमीची कथा झाली. उसात जन्मलेल्या मादीला गमावलेल्या जंगलाची आठवण असू शकत नाही, कारण तिच्यासाठी ऊस हेच रान आहे. तिच्या तोंडी हरवलेल्या अरण्याचा विलाप घातला, तर तो तिचा नसून लेखकाचा असतो. धरण, कालवा, कारखाना यांतले काहीच तिला ठाऊक नाही. त्यांचे परिणाम मात्र ती रोज पावलांखाली तुडवते.

दुसरी पायरी: अभ्यास, आणि त्याची पचनक्रिया

अभ्यासावाचून या प्रकारच्या लेखनाला हात घालू नये. रिचर्ड ॲडम्स यांच्या सशांवरील ‘वॉटरशिप डाऊन’ (१९७२) या कादंबरीत ससे बोलतात, त्यांना पुराणकथाही आहेत. तरीही सशांचे वागणे खरे वाटते, कारण लेखकाने रोनाल्ड लॉकली यांचा सशांच्या जीवनावरील १९६४ सालचा ग्रंथ आधाराला घेतला होता. उलट बाजूचे उदाहरणही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत १९०३ साली जॉन बरोज यांनी ‘खरे’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या प्राणिकथांवर कठोर टीका केली आणि १९०७ साली थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदी असताना त्या वादात उतरले. विल्यम लाँग या लेखकाने वुडकॉक पक्षी आपला मोडलेला पाय मातीच्या लेपात बांधून घेतो, असे पाहिल्याचे लिहिले होते. वाचकाने अशी एक गोष्ट पकडली, की त्याचा उरलेल्या तीनशे पानांवरचा विश्वास उडतो.

आपल्या मादीसाठी सुदैवाने चांगले संशोधन उपलब्ध आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कॅमेरा सापळे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशा शेतीच्या प्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे वावरत असल्याचे त्यात दिसले. त्याच भागातल्या आहाराच्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातील ८७ टक्के वस्तुमान पाळीव प्राण्यांचे निघाले, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. कादंबरीकाराने हे आकडे पानावर मांडायचे नसतात, ते पात्राच्या वागण्यात मुरवायचे असतात. कुत्रा हेच मुख्य भक्ष्य असेल, तर वस्तीवरचे प्रत्येक भुंकणे त्या मादीला एकाच वेळी धोक्याची सूचना आणि अन्नाचा पत्ता वाटेल. या दुहेरीपणातून एक संपूर्ण प्रकरण उभे राहते.

जुन्नर भागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूर सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासाने दाखवले. पकडलेल्या जनावराला परक्या मुलखात सोडले म्हणजे त्याच्यावर काय गुदरते, याची कल्पना करण्यासाठी हा अभ्यास जवळ ठेवावा. तसाच एक खरा प्रवास आहे. २००९ साली टाकळी ढोकेश्वर परिसरात विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडले, आणि ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला तो नर सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. नकाशावरची ती रेषा पाहिली, की प्राण्याच्या मनातल्या दिशेविषयी लिहिण्याचे धाडस होते, आणि आपल्याला त्यातले किती थोडे उमगते हेही कळते.

पुस्तकी अभ्यासाला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड द्यावी. त्यासाठी बिबट्या दिसण्याची गरज नाही आणि त्याच्या मागावर तर मुळीच जाऊ नये. दिवसाउजेडी, शेतमालकाला सोबत घेऊन, उसाच्या कडेला उभे राहावे आणि मोबाइल जमिनीपासून दोन फुटांवर धरून पाच मिनिटे चित्रण करावे. प्रौढ बिबट्याचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात. घरी येऊन ते चित्रण पाहिले, की आपण लिहिलेले निम्मे वर्णन खोटे असल्याचे समजते. त्या उंचीवरून शेताचा विस्तार दिसत नाही, आभाळ जवळजवळ दिसत नाही. दिसतात ती कांडी, वाळलेले पाचट आणि सरीच्या टोकाला उजेडाची एक चीर. पिल्ले सापडली असे कानावर आले, तर तिकडे फिरकू नये. तिथे जमलेली गर्दी हीच आईच्या परतण्यातली मोठी अडचण ठरते.

तिसरी पायरी: आधी शरीर, मग मन

प्राण्याचे मन आपल्याला थेट उपलब्ध नाही. त्याचे शरीर मात्र पुष्कळसे समजून घेता येते. म्हणून प्रत्येक प्रसंग लिहिताना क्रम ठरवून घ्यावा: प्रथम वास, मग आवाज, मग हालचाल, मग आकार, आणि रंग अगदी शेवटी किंवा नाहीच. मार्जारकुळातल्या प्राण्यांना माणसाइतके रंग दिसत नाहीत. त्यामुळे ‘लाल लुगडे’, ‘केशरी संध्याकाळ’ हे शब्द त्यांच्या कादंबरीत शिरले, की दृष्टिकोन मोडला असे समजावे. त्याबदल्यात माणसाला काहीच दिसत नाही अशा मंद उजेडात त्यांना दिसते, माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडचे बारीक आवाज त्यांना ऐकू येतात, आणि अंधारात अंगाजवळच्या वस्तूंचा अंदाज मिशांवरून येतो. रात्र हा त्यांच्यासाठी काळोख नाही, हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे.

अभ्यासातून कधी कधी असा तपशील हाती लागतो, की तो कादंबरीचा कणाच होऊन बसतो. मांजर, वाघ आणि चित्ता यांच्यात गोड चव ओळखणारा जनुक निकामी झालेला असल्याचे २००५ साली संशोधकांनी दाखवले. उसात राहणाऱ्या आपल्या मादीबद्दल लिहिताना मला हा तपशील विसरता येत नाही. ज्या गोडीसाठी धरणे बांधली गेली, गावांचे राजकारण फिरले, शेकडो मैलांवरून तोडणीच्या टोळ्या आल्या, त्या गोडीच्या मधोमध ती आयुष्य काढते आणि ती चव बहुधा तिच्या जिभेला कळतच नाही. हे तिला माहीत नाही, म्हणून ते थेट लिहिता येत नाही. पण मोडलेल्या कांडीचा रस पंजाला लागला, तिने तो चाटून पाहिला आणि तो केवळ पाण्यासारखा, मातकट व चिकट लागला, एवढे एक वाक्य लिहिता येते, आणि बाकीचे वाचक स्वतः पुरे करतो.

वाघावर लिहिणाऱ्यांसाठी असाच एक तपशील सांगून ठेवतो. वाघाच्या मूत्रखुणेला येणाऱ्या सुगंधाच्या मुळाशी बासमती तांदळाच्या सुवासाचाच रेणू असतो, असे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. ज्या वासाने आपल्याला जेवणाची पंगत आठवते, तो वास दुसऱ्या वाघाला मात्र हद्द सांगतो. एकाच वासाचे हे दोन अर्थ वाचकापुढे ठेवता आले, तर दृष्टिकोन म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चौथी पायरी: ‘मी’ की ‘ती’, आणि बोलायचे किती

प्रथमपुरुषी निवेदन जवळिकीचे वाटते, परंतु मराठीत त्याची अडचण वर सांगितलेल्या आत्मवृत्ताची आहे. ‘मी’ म्हटले की ऐकणारा कोणीतरी गृहीत धरला जातो, आणि बिबट्या कोणालाही काही सांगत नसतो. माझा सल्ला तृतीयपुरुषाचा आहे, पण तो मादीच्या कातडीला चिकटलेला असावा: निवेदकाने तिच्या नाकापलीकडे एक पाऊलही टाकू नये.

प्राण्यांनी किती बोलावे, हे जातीवर अवलंबून ठेवावे. हेन्री विल्यमसन यांच्या ‘टार्का द ऑटर’ (१९२७) या कादंबरीतला पाणमांजर माणसासारखा बोलत नाही, तर ॲडम्स यांचे ससे सभा घेतात. दोन्ही रीती यशस्वी झाल्या आहेत, कारण दोघांनीही घेतलेली रीत शेवटपर्यंत पाळली. कळपात राहणाऱ्या प्राण्यांना परस्परांशी व्यवहार असतो, म्हणून त्यांच्यात संवादाला थोडी जागा राहते. मराठीत या संदर्भात व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांवरील छोटेखानी कादंबरी जरूर अभ्यासावी. तिला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टोळीतला सत्तासंघर्ष हा वानरांच्या खऱ्या जीवनाचा भाग असल्याने तिथे विषय आणि प्राणी एकमेकांना शोभतात. बिबट्या मात्र एकटा राहणारा प्राणी आहे. मादी आणि तिची पिल्ले एवढाच त्याच्या सहवासाचा परीघ असतो, आणि तिथेही आवाजापेक्षा स्पर्श आणि वास बोलतात. त्याच्या कादंबरीत संवाद न ठेवणेच श्रेयस्कर.

पाचवी पायरी: मराठीकडून काम करून घेणे

या पायरीवर मी सर्वाधिक वेळ घालवतो, कारण आपल्या भाषेत या लेखनाला उपकारक अशा काही सोयी आधीपासून आहेत आणि त्यांचा पुरेसा उपयोग होत नाही.

पहिली सोय अनुभव सांगण्याच्या पद्धतीत आहे. मराठीत ‘तिला भूक लागली’, ‘तिला वास आला’, ‘तिला ऐकू आले’, ‘तिच्या अंगावर काटा आला’ असे म्हणतात. भूक, वास, भीती या गोष्टी बाहेरून येऊन तिला गाठतात. ती त्यांची कर्ती नसते. प्राण्याच्या अनुभवाचे यापेक्षा नेमके व्याकरण मला सुचवता येणार नाही. याउलट ‘तिने विचार केला’, ‘तिने ठरवले’, ‘तिला वाटले की’ हे प्रयोग माणसाचे मन आत आणतात. यात ‘की’ हा शब्द सर्वांत घातक आहे, कारण ‘की’च्या पुढे नेहमी एक पूर्ण, सुसंगत, माणसाने रचलेले वाक्य येऊन बसते.

दुसरी सोय रीतिभूतकाळाची. ‘ती ओढ्यावर येई, वारा घेई, बांधावर थांबे, मग उतरे’ अशी क्रियापदे प्राण्याच्या रोजच्या चाकोरीसाठी जणू घडवलेली आहेत. चाकोरी या रूपांत लिहावी आणि ज्या रात्री चाकोरी मोडते, त्या वाक्यापासून साध्या भूतकाळात यावे: ‘त्या रात्री ती बांधावर थांबली नाही.’ काहीही न सांगता वाचक सावध होतो.

तिसरी सोय शब्दांची. मातकट, धुरकट, करपट, ओशट, कुबट, खवट, आंबूस, वशट, उग्र असे वासाचे बारीक भेद सांगणारे शब्द आपल्याकडे आहेत. आवाजांचेही तसेच आहे: वाऱ्याने पाने हलतात ती सळसळ, कोरड्या पाचटावर पाय पडतो ती चुरचुर, आणि आत काहीतरी दडून हलते ती खसपस. आपली मादी या तीन आवाजांवर तीन वेगवेगळे निर्णय घेईल. एक वही करून अशा शब्दांची नोंद ठेवावी, आणि ती भरण्यासाठी शब्दकोशापेक्षा शेतावर राबणाऱ्या बायका-पुरुषांचे बोलणे ऐकावे.

उपमांनाही हाच नियम लावावा. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा असतो, हे माणसाला सांगताना ठीक आहे. मादीला करवत ठाऊक नाही. तिच्या जगातल्याच वस्तू उपमेला घ्याव्यात, नाहीतर उपमा टाळावी.

नामांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सगळीच नामे वर्ज्य केली, तर कादंबरीचे कोडे होईल. मी अशी रेषा आखतो: ज्या वस्तूशी तिचा रोजचा संबंध आहे, तिचे साधे गावठी नाव खुशाल वापरावे, म्हणजे ऊस, बांध, सरी, शेळी, कुत्रा, धूर. संस्थांची आणि कागदावरची नामे, म्हणजे वनखाते, कारखाना, पंचनामा, नुकसानभरपाई, कोठेही येऊ देऊ नयेत.

सहावी पायरी: पंचांग हेच कथानक

प्राण्याला महत्त्वाकांक्षा नसते, सूड नसतो, म्हणून कथानक कोठून आणावे, असा प्रश्न सर्वांना पडतो. त्याचे उत्तर ऋतुचक्रात आहे, आणि उसाच्या बाबतीत ते चक्र माणसाने आखलेले आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि ‘सुरू’ म्हणतात तो ऊस जानेवारी-फेब्रुवारीत. त्याशिवाय तोडलेल्या उसाचा खोडवा असतो. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि एकेक फड, म्हणजे उसाचे शेत, आडवा होऊ लागतो. मादीच्या दृष्टीने जमीन अधूनमधून नाहीशी होते आणि पुन्हा उगवते. कोणता फड कधी पडेल याला तिच्यापाशी काही नियम नाही. नियम कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात आहे. तिची असहायता इथे आहे, आणि ती विलापाशिवाय दाखवता येते.

यावर तिच्या शरीराचे पंचांग बसवावे. गर्भारपण सुमारे तीन ते साडेतीन महिन्यांचे, पिल्ले बहुधा दोन किंवा तीन, डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस, आणि आईची सोबत साधारण एक ते दीड वर्ष. म्हणजे दोन गळीत हंगामांचा काळ घेतला, तर पिल्लांचा जन्म, वाढ आणि ताटातूट असा पूर्ण पल्ला मिळतो. पहिल्या हंगामात पिल्ले इतकी लहान असतात, की त्यांना तोंडात धरून न्यावे लागते. दुसऱ्या हंगामात ती स्वतःच्या पायांनी पळतात आणि निरनिराळ्या दिशांना जातात. एकच संकट दोनदा येते आणि दुसऱ्यांदा त्याचा अर्थ बदललेला असतो. शेतीपंपांची थ्री फेज वीज पाळीने रात्री येते, तेव्हा बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघालेला शेतकरी आणि शिकारीला निघालेली मादी एकाच बांधावर येतात. हा प्रसंगही लेखकाला आयता मिळालेला आहे.

सातवी पायरी: एक प्रसंग पूर्ण लिहून पाहणे

सगळी कादंबरी आखण्यापूर्वी एक कठीण प्रसंग लिहून पाहावा. तोडणीच्या दिवसाची सुरुवात पहिल्या खर्ड्यात अशी येण्याची शक्यता असते:

‘मादीने पाहिले की ऊसतोड कामगारांची टोळी आली आहे. त्यांच्या हातांत कोयते होते. आता आपले घर उद्ध्वस्त होणार, या विचाराने तिचे काळीज चरकले.’

आता तोच क्षण तिच्या शरीरातून:

‘अंधार सरला नव्हता. जमीन थरथरली आणि थांबली. मग धूर आला, शेणाचा, आणि त्यात काहीतरी करपट. पाय पुष्कळ होते. ज्या बाजूने ऊन येते त्या बाजूची पाने पडू लागली. वाऱ्याने पडतात तशी ती पडत नव्हती. एकामागून एक पडत होती आणि पडल्यावर उठत नव्हती. पिल्लू तिच्या पोटाशी चोखत होते. ती उठली तेव्हा त्याच्या तोंडून आचळ सुटले.’

दुसऱ्या उताऱ्यात भीती हा शब्द नाही, घर हा शब्द नाही, तरी वाचकाला कोयता दिसतो, टोळीच्या कोपीवरची, म्हणजे झोपडीपुढची, चूल दिसते आणि पुढे काय होणार हेही कळते.

यानंतरचा भाग अधिक अवघड आहे. अशा तोडणीत पिल्लू सापडते, तेव्हा वनखात्याचे कर्मचारी आणि प्राण्यांचे डॉक्टर ते तपासतात आणि सांजेला त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. अनेकदा रात्री मादी येऊन त्याला घेऊन जाते. माणसांच्या बाजूने ही दिलाशाची कथा आहे. मादीच्या बाजूने ती काय असेल, याचा लेखकाने सावकाश विचार करावा. तिच्या पिल्लाला अनोळखी हातांचा, रबराचा, औषधाचा वास लागलेला आहे. ते जिथे होते तिथेच आहे, पण भोवतालचा ऊस नाही. उघड्या रानात फक्त एक पोकळ, गुळगुळीत वस्तू आहे आणि तिच्या आतून ओळखीचा आवाज येतो आहे. ती किती वेळा जवळ येईल, किती वेळा मागे फिरेल, वाऱ्याची दिशा बदलल्यावर काय करेल? हे सर्व लिहावे आणि एकही कृतज्ञ नजर लिहू नये. माणसांनी पिल्लू परत दिले, हे तिला ठाऊक नाही. पिल्लू नव्हते आणि मग होते, एवढेच तिच्या बाजूला आहे. या प्रसंगाची पाच-सहा पाने जमली, तर उरलेली कादंबरी जमेल.

आठवी पायरी: माणूस लिहिताना

बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मरतात, त्यांत मुले असतात, आणि ज्या घरातले माणूस गेले ते घरही मराठी वाचते. ही जाणीव ठेवूनच हल्ल्याचा प्रसंग लिहावा किंवा न लिहिण्याचे ठरवावे. लिहिलाच, तर मादीला निर्दोष ठरवण्यासाठी मृताचा निष्काळजीपणा रंगवू नये आणि थरारासाठी तिला क्रूर करू नये. वाकून खुरपणारे किंवा खाली बसलेले माणूस दोन फुटांच्या उंचीवरून निराळेच दिसते, हा तपशील अशा वेळी पुरेसा असतो. प्रसंग थोडक्यात आटपून निवेदन मादीसोबत पुढे सरकू द्यावे, मात्र त्यानंतरच्या पानांतून त्या मृत्यूचे परिणाम येऊ द्यावेत: रात्री वस्तीवर वाढलेला उजेड, फटाक्यांचा दणका, बांधावर नव्याने आलेली लोखंडाच्या वासाची पेटी आणि तिच्यात ओरडणारी शेळी. शोक माणसांचा आहे आणि तो शोक म्हणून तिला कळत नाही. वाचकाला मात्र तो प्रत्येक दिव्यात दिसला पाहिजे.

माणसांच्या श्रद्धाही अशाच दुरून याव्यात. अकोले तालुक्यासारख्या डोंगराळ भागांत वाघोबाची ठाणी आहेत आणि तिथे नैवेद्य दाखवला जातो. आपली मादी अशा दगडाजवळून गेली, तर तिला शेंदराचा तेलकट वास येईल आणि नारळाच्या करवंटीभोवती मुंग्या दिसतील. तो देव तिच्याच रूपाचा आहे, हे तिला न कळणे हाच त्या पानाचा आशय.

नववी पायरी: शेवट आणि फेरलेखन

प्राण्याच्या मृत्यूने कादंबरी संपवण्याची सवय आपल्याला आत्मवृत्तापासूनच लागलेली आहे. मृत्यू लिहिण्यास हरकत नाही, पण तो आधीच्या पानांनी अटळ केलेला असावा. मला स्वतःला दुसरा शेवट अधिक खरा वाटतो. वयात आलेली मादी पिल्ले पुष्कळदा आईच्या मुलखालगतच हद्द धरतात. दुसऱ्या हंगामाअखेर आपली मादी नेहमीच्या झाडापाशी येते, तिथे आपल्या खुणेवर दुसरी ताजी खूण तिला सापडते, ओळखीची आणि तरीही परकी, आणि ती बराच वेळ वास घेऊन दुसऱ्या बांधाने निघून जाते.

फेरलेखनाच्या तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत प्रत्येक ‘की’, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांवर खूण करून तो कार्यकारणभाव मादीचा आहे की लेखकाचा, हे तपासावे. दुसऱ्या फेरीत रंग, अंतरे, तारखा आणि दिशा यांचे शब्द शोधून काढून टाकावेत. तिसऱ्या फेरीत हस्तलिखित ऊस पिकवणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. माझ्या तोडणीच्या प्रसंगात मादी पहाटे शेजारच्या सरीत पाणी पीत होती. ते ऐकणाऱ्या काकांनी मला तिथेच थांबवले आणि सांगितले, की तोडणीआधी काही आठवडे उसाचे पाणी बंद करतात, तेव्हा त्या सरीत भेगाच असणार. मग मादीला पाण्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडच्या फडात जावे लागले, पिल्ले मागे राहिली, आणि कोयते आले तेव्हा ती त्यांच्याजवळ नव्हती.